एक-चौदावर गवताला रकाना नाही

परवा एका मित्राकडे त्याच्या वडिलोपार्जित जमिनीचे कागद बघत बसलो होतो. भाऊबंदांची वाटणी चाललीय, वादावर वाद, चहावर चहा, आणि पुढ्यात एक-चौदाचा उतारा. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, तुमच्याकडे सात-बारा तसा आमच्याकडे फॉर्म एक आणि चौदा, बोलताना नुसतं एक-चौदा. त्यातले जमिनीचे रकाने कधीतरी निवांत वाचून बघा. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. भातशेती खाऱ्या पाण्याच्या बांधाला लागून आहे की वरच्या अंगाला, त्यावरून वेगळा रकाना, म्हणजे ज्याने कोणी हा फॉर्म बनवला त्याला, निदान त्याच्या हाताखालच्या कारकुनाला तरी, शेती कळत होती. आणि हे सगळं संपल्यावर शेवटी येतो 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. मित्राच्या घरामागून चढ चढून गेलं की जो सपाट सडा लागतो तो अख्खा त्या रकान्यात. वहिनी कप उचलता उचलता वाचून म्हणाल्या, "पोट खराब? कोणाचं?" सगळे हसले. वाटणीत तो तुकडा कोणालाच नको होता, मग धाकट्या भावाने हळूच सांगितलं की दिल्लीचा एक जण विचारून गेलाय, आणि पाच मिनिटांत तो सगळ्यांना हवासा झाला.

मला लिहायचंय ते त्या पोटखराबावर उगवणाऱ्या गवताबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. सडा ओसाड आहे असं आपण कागदावर लिहून ठेवलंय म्हणून तो विकायला सोपा जातो, तासायला सोपा जातो आणि त्याच्यावर झाडं लावायलाही सोपा जातो, आणि यातलं तिसरं मला पहिल्या दोनांइतकंच वाईट वाटतं. झाडं लावण्याला वाईट म्हटलं म्हणून काही जण इथेच पुढे सरकतील. त्यांना विनंती, जरा थांबा, मीही झाडं लावलेली आहेत, त्याचं रडगाणं पुढे येतंच.

आधी सडा म्हणजे काय ते. जांभ्या दगडाचं पठार, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधली, देवळं बांधली, कुंपणं घातली. लाखो वर्षं पावसाने धुऊन धुऊन खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, म्हणून तो तांबडा. अशा दगडावर माती ती किती, खाचेत बोटभर, खळग्यात वीतभर, बाकी उघडा कातळ. त्या मातीत नायट्रोजन कमी, फॉस्फरस असला तरी लोखंडाने घट्ट धरून ठेवलेला, मुळांना मिळत नाही. चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा सगळीकडे पाणी तुंबलेलं, आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. एप्रिलात दुपारी कातळावर चप्पल काढून उभं राहून दाखवा कोणीतरी. इथे झाडं का नाहीत असं लोक विचारतात, मला आश्चर्य वाटतं ते इथे काही आहे याचंच.

आणि आहे ते थोडंथोडकं नाही. मिरगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत कातळाच्या भेगांतून हिरवी लव वर येते, चतुर्थीपर्यंत ती पोटरीला लागते. मग गेंद, सीतेची आसवं, आभाळी, तेरडा, दवबिंदू. यातली सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोघी किडे खाणाऱ्या, एकीची जाळी पाण्याखाली आणि दुसरीचे चिकट थेंब पानावर, आणि किडे खातात ते हौसेने नाही, मातीत नायट्रोजन नाही म्हणून. घरात तांदूळ नसला की माणूस खेकडे धरायला जातो तसंच ते. फुलांचे फोटो हल्ली सगळे टाकतात, सप्टेंबरात तर व्हॉट्सॲपवर पूर येतो. पण त्या फोटोंत मागे जे धूसर हिरवं दिसतं, ज्याच्यावर फोकस कोणी करत नाही, ते गवत, आणि सड्यावर सगळ्यात जास्त तेच असतं.

त्यातल्या एकाची ओळख करून देतो. ग्लायफोक्लोआ गोएन्सिस. मराठी नाव मला कोणी सांगितलं नाही, मीही कोणाला सांगू शकलेलो नाही. नावातच गोवा आहे. ग्लायफो म्हणजे कोरणं, क्लोआ म्हणजे गवत, असं ग्रीकवरून. ग्लायफोक्लोआ गटातली गवतं जगात फक्त आपल्या भारतीय द्वीपकल्पात सापडतात, तीही बरीचशी कोकण आणि सह्याद्रीतल्या असल्याच जांभ्या पठारांवर, भावंडांची नावं बघा, रत्नागिरिका, महाराष्ट्रेन्सिस. गेल्या सप्टेंबरात सड्यावर पालथा पडून भिंगाखाली बघितलं, वीत-दीड वीत उंच असेल, वरून बघाल तर काडीला चिकटलेला कचरा वाटेल. भिंग लावलं आणि दाण्यावरचं टरफल दिसलं, त्याच्यावर खाचा, उंचवटे, बारीक गाठी, अगदी जुन्या लाकडी देव्हाऱ्याच्या खांबावर असतात तसं कोरीव काम, आणि दाणा केवढा, तर तांदळाच्या कणीएवढा. हे टणक टरफल घेऊन बी आठ महिने तापलेल्या मातीत पडून राहतं. गवत स्वतः मात्र दिवाळीनंतर काही दिवसांत वाळून मरतं. जूनमध्ये जन्म, नोव्हेंबरात संपलं. जानेवारीत सर्व्हेला येणाऱ्या माणसाला म्हणून तिथे काहीच दिसत नाही, आणि कागदं रंगवायचे दौरे पावसात कोण काढतो?

दुसरं सगळ्यांच्या ओळखीचं, कुसळी. पँटला, मोज्यांना, कुत्र्याच्या कानाला चिकटणारी ती. एक प्रयोग करा, मुलांना दाखवला तर मोबाईल खाली ठेवतील. सुकलेलं लांब कुसळ तळहातावर ठेवा आणि त्याला थोडी थुंकी लावा. दोन-चार सेकंदांत ते घड्याळाच्या काट्यासारखं आपोआप फिरायला लागतं. ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो, आणि असं दव-ऊन दव-ऊन करत ते आपलं बी स्वतःच गिरमिटासारखं जमिनीत फिरवून रोवतं. बोटभर माती असलेल्या ठिकाणी बी पेरायचं यापेक्षा चांगलं यंत्र मला माहीत नाही. आपल्या भाषेने मात्र कुसळाला जागा दिली ती दुसऱ्याच्या डोळ्यात. तिथलं दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही ते.

भाषेवरून आठवलं. कोकणीत गवताला तण म्हणतात, मूळ तोच संस्कृत तृण. आणि मराठीत तण म्हणजे शेतात नको असलेलं, खुरपून फेकायचं. आम्ही गोव्यातले मराठीवाले घरात एक बोलतो, लिहितो दुसरं, त्यामुळे हा घोटाळा रोजचाच. लहानपणी आजी सांगायची, "वयर वचून तण हाड", म्हणजे वर जाऊन गवत आण, आणि मी शाळेच्या पुस्तकात वाचायचो की तण काढून टाकावे. एकाच शब्दाने म्हशीचं पोट भरायचं आणि त्याच शब्दाने शेतकऱ्याचं डोकं दुखायचं. सडा बहुतेक या दोन अर्थांच्या मधेच कुठेतरी हरवला.

तण आणायचं म्हणजे खरंच आणायचं. दसरा झाला की करड, म्हणजे वाळलेलं गवत, कापायला लोक वर जायचे, भारे डोक्यावर घेऊन उतरायचे. गुरांचा गोठा शाकारायला करड, आंब्याची आढी घालायला करड, पावसात मातीच्या भिंतीला आडोसा म्हणून करड. आता गोठ्यावर पत्रे आले, आंबे क्रेटमध्ये गेले, भिंती सिमेंटच्या झाल्या. त्यात रडण्यासारखं काही नाही, पत्रा गळत नाही आणि करड दरवर्षी बदलावं लागायचं, ज्यांनी बदललंय त्यांना विचारा. पण झालं काय की उपयोग संपला तशी ओळखही संपली. धनगरांची तेवढी राहिलीय. आमच्या बाजूला एक आजी आहेत, म्हशी घेऊन सड्यावर असतात, त्यांना एकदा सांगितलं की वर प्लॉट पाडायचं चाललंय, तर म्हणाल्या, "म्हशी कितें चिरे खातल्यो?" एवढंच. मला लेखभर जे सांगायचंय ते त्यांनी चार शब्दांत उरकलं.

आता कायदा काय बघतो ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे. गोव्यात खासगी वन कशाला म्हणायचं याचे निकष ठरलेले आहेत. जागा सलग ५ हेक्टर हवी, त्यातली ७५ टक्के झाडं वनातल्या जातींची हवीत, आणि झाडांच्या छत्राची घनता ०.४ पेक्षा कमी नको. या निकषांवरून वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, ०.४ ऐवजी ०.१ करा म्हणून भांडले लोक, आणि बरोबरच भांडले. पण ०.४ करा नाहीतर ०.१ करा, गवताला छत्र शून्य. सगळ्या देशाचं वनाच्छादन मोजतात तिथेही तेच, एक हेक्टरहून मोठी जागा आणि झाडांचं छत्र १० टक्क्यांच्या वर असलं की ते वनाच्छादन, मग ती आंब्याची बाग असो, काजू असो की माड असोत. म्हणजे सड्यावरचं सगळं तासून तिथे एकच एक जातीची झाडं लावली तर आकडा वाढतो आणि राज्य हिरवं होतं! कागदावर. झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. गवताचा थर, मातीसकट, मुळासकट, बियांसकट खरवडून काढायला ट्रॅक्टरवाल्याचा फोन नंबर पुरतो.

आणि गोव्यात झाड-गवत हा वाद काही नवीन नाही. २०१६ साली माडाला वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून काढलं होतं, आठवतंय ना? माड हे झाडच नाही, गवताच्या जवळचं, असं म्हणून. केवढा गदारोळ झाला, पोरांनी विनोद केले, म्हाताऱ्यांना खरोखरच राग आला, २०१७ मध्ये माड परत कायद्यात घेतला. छान झालं. पण तेव्हाही मला एक गोष्ट खटकली होती, सगळ्यांचा संताप कशाबद्दल होता तर आमच्या माडाला गवत म्हटलं याबद्दल. म्हणजे गवत म्हणणं ही शिवी. आणि ही सगळी चर्चा झाली ती कुठे, तर पर्वरीच्या विधानसभेत, जी स्वतः पठारावर उभी आहे, आल्त पर्वरी, आल्त बेती, नावातला तो आल्त म्हणजेच वरचा भाग. पणजीचं आल्तिनो तेच. वास्कोतलं हेडलँड सडा तर नावानेच सडा. पत्त्यात पठार उरलंय, पायाखाली नाही.

मोपाचंच घ्या. पेडण्याच्या पठारावर दोन हजारांहून जास्त एकर, विमानतळ झाला, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, मी स्वतः तिथून विमानात चढलोय तेव्हा सोवळेपणा करत नाही. पण त्याचा खटला आठवा. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवाना स्थगित ठेवला आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठवली. त्या मधल्या काळात काय वाद चालला होता? झाडं किती. अहवालात नीट दाखवली नाहीत, प्रत्यक्षात हजारोंनी आहेत, कापणार किती, बदल्यात लावणार किती. बाजूने बोलणारे झाडं मोजत होते, विरोधातले झाडं मोजत होते. तिथून हललेल्या धनगर कुटुंबांच्या म्हशी ज्याच्यावर जगत होत्या ते दोन्हीकडच्या हिशोबात मला तरी दिसलं नाही. माझ्या बाजूच्या लोकांवर माझा जास्त राग आहे, कारण त्यांना कळायला हवं होतं, आणि त्या लोकांत मीही होतो.

आता माझं रडगाणं. कॉलेजात होतो तेव्हा आम्ही मित्रमंडळाने गावच्या सड्यावर वृक्षारोपण केलं. टी-शर्ट छापले होते. रोपं फुकट मिळाली, बरीचशी ऑस्ट्रेलियन अकेशियाची, कारण ती कुठेही जगतात असं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पहारीने कातळ फोडून खड्डे काढले, हाताला फोड आले, फोटो काढले. आवळा, जांभूळ, फणस लावले होते ते पहिल्याच उन्हाळ्यात गेले. अकेशिया जगली. आज तिथे जा, सरळसोट रांगा, खाली वाळक्या पानांचा जाड थर, लवकर कुजत नाही, सप्टेंबरात तिथे गेंद नाही, सीतेची आसवं नाहीत, गवताची काडी नाही. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो, ते दोघे आता पलीकडच्या उघड्या तुकड्यावर सरकलेत, तो तुकडा ज्याच्याबद्दल दिल्लीवाला विचारून गेला. पायथ्याची झर मे महिन्यात पूर्वीपेक्षा लवकर आटते असं कुळागरवाले, म्हणजे सुपारी-माडाच्या बागांवाले, म्हणतात. अकेशियामुळेच असं मी म्हणणार नाही, वर बोअरवेलही झाल्या आणि रस्ताही झाला. पण आम्ही ज्या दिवशी 'ओसाड माळ हिरवा करूया' असा बॅनर लावला तो जुलै महिना होता आणि माळ आमच्या घोट्यापर्यंत हिरवा होता. त्या बॅनरचा फोटो माझ्याकडे अजून आहे, त्यात आम्ही उभे आहोत ते गवत तुडवत.

झरीचा विषय निघालाच तर दोन वाक्यं. जांभा सच्छिद्र असतो, पाणी आत मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. वेर्ण्याच्या पठाराच्या अंगाची केसरव्हाळची झर घ्या, पणजीत आल्तिनोच्या पायथ्याची मळा भागातली फोंत फेनिक्स आणि बोका द व्हाका घ्या, गावोगावच्या कुळागरांच्या झरी घ्या, सगळ्यांचं गणित हेच. वरचं गवत काय करतं, तर पावसाचा मार झेलतं, पाण्याचा वेग तोडतं, ती बोटभर माती धरून ठेवतं. वर पेव्हर ब्लॉक घातले की तेच पाणी रस्त्यावरून पायथ्याच्या घरात शिरतं, आणि मग आपण म्हणतो यंदा पाऊस भयंकर.

माझा पुतण्या स्कॉटलंडला असतो, आमच्याकडचे बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेले तसा नाही, शिकायला गेला आणि राहिला. त्याने एकदा फोटो पाठवला, काका हा बघ इकडचा सडा. डोंगरमाथ्यावर मैलोन्‌मैल फिकट पांढरट गवत, झाड एकही नाही. नार्डस स्ट्रिक्टा म्हणतात त्याला, तारेसारखं ताठ, निकस आंबट मातीत वाढतं, मेंढ्याही शक्यतो तोंड लावत नाहीत. मेंढ्या बाकीचं चवीचं गवत खातात आणि हे ठेवतात, त्यामुळे मेंढ्या जास्त झाल्या की हेच पसरत जातं. म्हणजे तिकडे सगळेच या गवतावर खूश आहेत असं नाही, त्यांचाही वाद आहे, आणि आपल्या सड्याची तिथे हुबेहूब नक्कल शोधू नये. तिकडचं गवत वर्षानुवर्षं झुबके धरून राहतं, खाली बऱ्याच ठिकाणी पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या पाल्याची माती, आणि थंडी. आपलं पाच महिन्यांचं पाहुणं.

पण त्याने सांगितलेली एक हकीकत मात्र जशीच्या तशी इकडे लागू पडते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेस आणि सदरलँडमध्ये फ्लो कंट्री म्हणून प्रचंड पीटचा प्रदेश आहे, वरून बघाल तर ओसाड, पाणथळ, निरुपयोगी. १९८० च्या दशकात तिथे झाडं लावली तर इन्कम टॅक्समध्ये सवलत होती, मग लंडनमधल्या पैसेवाल्यांनी न बघितलेल्या जमिनीवर परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगाच रांगा लावल्या, पाणी काढायला चर खणले, पीट सुकायला लागलं, पक्षी गेले. आरडाओरडा झाला, १९८८ च्या बजेटमध्ये सवलत काढून टाकली. त्यानंतर काय झालं तर पर्यावरणवालेच झाडं तोडायला लागले, चर बुजवायला लागले, पाणी परत आणायला लागले. २०२४ मध्ये त्या फ्लो कंट्रीला युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. झाडं तोडून वारसा! आपल्याकडे असं कोणी बोललं तर लोक त्याला वेड्यात काढतील, पुढच्या पर्यावरण दिनाला बोलावणार नाहीत.

युनेस्कोवरून, आपल्या सड्यांचंही नाव तिथे आहे, तात्पुरत्या यादीत, २०२२ पासून, कोकणातली कातळशिल्पं म्हणून, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर आपलं कुशावतीकाठचं फणसायमळही आहे. म्हणजे कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने काढलेल्या रेघांना आपण वारसा म्हणतो. चांगलंच आहे. त्याच कातळावर दरवर्षी नव्याने कोरलेलं बी पडतं त्याला पोटखराब.

यावर मला नेहमी एक प्रश्न येतो आणि तो खोटा प्रश्न नाही. गोवा म्हणजे ३७०२ चौरस किलोमीटर. शेतात बांधू नका, खाजनात नको, जंगलात तर नकोच, समुद्राला लागून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, मग हॉस्पिटल, कॉलेज, कारखाना, पोरांची घरं बांधायची कुठे, आभाळात? बरोबर आहे. बांबोळीचं मेडिकल कॉलेज पठारावर, ताळगावची युनिव्हर्सिटी पठारावर, दाबोळी पठारावर. माझी आई बांबोळीत वाचली, मी कुठल्या तोंडाने सांगू की ते हॉस्पिटल नको होतं. आणि चिऱ्याच्या घरात बसून हे लिहितोय, ते चिरे कुठल्यातरी सड्याचेच. तेव्हा एकही सडा देऊ नका असं मी म्हणत नाही, म्हणणाऱ्यांशी माझं जमतही नाही. पण कुठला सडा द्यायचा हे ठरवताना आज आपल्याकडे फरक करायला काही साधनच नाही. ज्याच्यावर आधीच रस्ते, खाणी, पत्र्याच्या शेड होऊन गेल्यात तो आणि ज्याच्यावर ग्लायफोक्लोआ नि दवबिंदू दोन्ही आहेत तो, कागदावर दोघेही पोटखराब, एकाच भावात. शेतजमिनीच्या बाबतीत आपण 'तरी' आणि 'केर' यात फरक करतो आणि अख्ख्या डोंगरमाथ्याला एक शब्द!

आणि निदान दुसरी अर्धी चूक तरी थांबवायला काय हरकत आहे? एका प्रोजेक्टला सडा दिला, ठीक. त्यात झाडं कापली म्हणून बदल्यात झाडं लावायची, आणि ती लावायला बऱ्याचदा कुठली जागा निवडली जाते, तर दुसरा सडा, कारण तो 'मोकळा'. म्हणजे एका प्रोजेक्टमागे दोन सडे. पहिल्याचं निदान पेपरात येतं, मोर्चा निघतो. दुसऱ्याचं उद्घाटन होतं, शाळेची पोरं टोप्या घालून येतात, नारळ फुटतो.

मोर्च्यांचा इतिहास मला माहीत आहे आणि अभिमानही आहे. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६६ चा कारखाना येणार होता, १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, कारखाना गेला. त्याच पठारावर पुढे सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आला, २००७ च्या शेवटच्या दिवशी सरकारला राज्यातले सेझ रद्द करतो म्हणून जाहीर करावं लागलं. लोक पाण्यासाठी लढले, विषारी वायूच्या भीतीने लढले, जमिनीच्या भावासाठी लढले. गवतासाठी कोणी लढलं नाही, लढायला हवं होतं असंही नाही, माणसं आधी. पण लढून वाचलेल्या पठाराला परत मोकळी जागा म्हणूनच फाईलीत ठेवलं तर दर दहा-पंधरा वर्षांनी नवीन नावाने तोच खेळ होणार, आणि दर वेळी गोळी खायला कोणीतरी पाहिजे.

मला हवंय ते फार मोठं नाही. काससारखं कुंपण, तिकीट, पार्किंग आणि मक्याची कणसं तर अजिबात नको, सेल्फीवाले बूट घेऊन आले तर बोटभर मातीचं काय होतं ते बघितलंय. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आहे आणि लोकांची जैवविविधता नोंदवही आहे. त्यात सड्याचं वेगळं पान घाला, पावसात जाऊन घाला, जानेवारीत नाही. त्याच कायद्यात वारसास्थळ जाहीर करायची सोय आहे, गोव्यात सुर्ल्याच्या पुर्वतळी राईला तसं केलंही, पण बघा, ती राई, म्हणजे परत झाडंच. एखाद्या सड्याला करा. आणि प्रकल्पाच्या बदल्यात लावायच्या झाडांसाठी जागा बघताना नोंदवहीतला सडा असेल तर तो वगळा. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधानसभेतली ओळही लागत नाही.

मी आमच्या ग्रामसभेत हे मांडलं. सेक्रेटरी भले माणूस, पेन घेऊन तयार बसले, म्हणाले बोला, नाव काय लिहू? मी म्हटलं ग्लायफोक्लोआ गोएन्सिस. ते म्हणाले स्थानिक नाव सांगा, रकाना स्थानिक नावाचा आहे. मी मागे बघितलं, मागे पस्तीस-चाळीस माणसं बसलेली, त्यातली निम्मी तरी लहानपणी करडाचे भारे वाहिलेली. करड म्हणजे कुठलंही वाळलेलं गवत, कुसळी वेगळी, वाळा वेगळा. एक जण म्हणाला तण लिहा. दुसरा म्हणाला मराठीत तण म्हणजे दुसरंच होतं. पाच मिनिटं यावरच गेली, मग गटाराचा विषय आला आणि रकाना रिकामा राहिला.

तर येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही चार-पाच जण वर जातोय, धनगरांच्या त्या आजींना बरोबर घेऊन, प्रत्येक गवताची एकेक काडी त्यांच्यापुढे धरायची आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्यायचं. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, पाणी आपलं आपण आणायचं. लोकरीचे मोजे घालू नका, कुसळं निघता निघत नाहीत.